दूतावास म्हणजे परदेशाची जमीन? नाही!

बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या मुलाखतीला जाऊन आलेला कुणीतरी हमखास सांगतो, "फाटकाच्या आत पाऊल टाकलं की आपण अमेरिकेत!" राज्यशास्त्राच्या वर्गातही हे वाक्य फिरत असतं. ऐकायला झकास, पण चूक. ती जमीन भारताचीच. आत चोरी झाली, तरी ती भारतातच झाली.

गैरसमजाचं मूळ दूतावासांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्याच्या कलम २२ नुसार दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत शिरू शकत नाहीत. आग लागली तरी अपवाद दिलेला नाही! (वाणिज्य दूतावासांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे, त्यात आगीच्या वेळी संमती गृहीत धरता येते.) पण ही झाली प्रवेशबंदी, मालकी नव्हे. कलम ४१ तर राजनैतिक अधिकाऱ्यांना यजमान देशाचे कायदे पाळायलाच सांगतं.

गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या 'विकीलीक्स'चा संस्थापक ज्युलियन असांज अटक टाळायला २०१२ पासून जवळजवळ सात वर्षं लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात राहिला. बाहेर ब्रिटिश पोलीस टपलेले, पण आत जाता येईना. ११ एप्रिल २०१९ ला इक्वेडोरने आश्रय काढून घेतला, राजदूताने पोलिसांना आत बोलावलं आणि त्यांनी त्याला धरून बाहेर आणलं. ती जमीन खरोखर इक्वेडोरची असती, तर आधी प्रत्यार्पणाची कागदपत्रं रंगली असती.

आणि हो, अमेरिकी दूतावासात जन्मलेलं बाळ तेवढ्यावरून अमेरिकेचं नागरिक होत नाही.