ओपन सोर्स म्हणजे गिटहबच, असं काही नाही

‘प्रोजेक्ट ओपन सोर्स करायचा तर तो गिटहबवरच टाकावा लागतो’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला-बदलायला खुला असणं; गिटहब ही तो ठेवायची एक साइट. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलं. गिटहब आलं २००८ मध्ये. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, गिटहबवर दिसते ती नुसती प्रत. तिथे पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामील करून घ्यायची विनंती) टाकून उपयोग नाही, पॅच (बदललेल्या ओळी) ईमेलनेच पाठवावे लागतात. लिनक्सवरचा डेस्कटॉप ग्नोम २०१८ पासून स्वतःच चालवलेल्या गिटलॅबवर आहे; गिटलॅब हे गिटहबसारखंच, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं सॉफ्टवेअर.

अँड्रॉइड आणि लिबरऑफिस कोड तपासण्यासाठी गेरिट हे सॉफ्टवेअर वापरतात. गेरिटमध्ये प्रत्येक कमिट (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) सुटा तपासला जातो, त्याला -२ ते +२ असे गुण मिळतात. -२ पडले की तो तिथेच अडतो. मोठ्या बदलाचे लहान तुकडे करायची सवय यातूनच लागते. मला ही पद्धत मनापासून पटते.

नवे लोक गिटहबवर लवकर जोडले जातात, हे खरंच. पण कोड कुठे ठेवायचा हे निवडताना खरा प्रश्न वेगळा आहे. क्लोन केलं, म्हणजे प्रोजेक्टची प्रत उतरवून घेतली, की कोड आणि कमिटचा सगळा इतिहास तुमच्याकडे येतो. इश्यू (चुका आणि सूचनांच्या नोंदी) आणि रिव्ह्यूमधली (कोड तपासतानाची) चर्चा मात्र येत नाही. एखादी ओळ तशी का लिहिली, याचं उत्तर बहुतेकदा त्या चर्चेतच असतं. ती सगळी बाहेर काढता येते का, हे आधी तपासा.