मधमाश्या आणि आइनस्टाइनच्या नावावरचं ते वाक्य

‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ हे वाक्य आइनस्टाइनच्या फोटोखाली वर्षानुवर्षं फिरतंय. आइनस्टाइन १९५५ साली वारले. त्यांच्या लेखनात किंवा भाषणांत ते सापडत नाही. ते गाजलं १९९४मध्ये, ब्रुसेल्सला झालेल्या मधपाळांच्या आंदोलनातून.

मुळात दावाही चुकीचा आहे. गहू, तांदूळ, मका यांचं परागीभवन वाऱ्यानं किंवा फुलातल्या फुलातच होतं. मधमाशी नसली तरी ही पिकं येतील. पण म्हणून निर्धास्त राहावं असं मुळीच नाही. प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के प्रकारांना कीटक आणि इतर प्राण्यांच्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो. बदाम, सफरचंद, भोपळा ही त्यातलीच. आपल्याला लागणारी कितीतरी जीवनसत्त्वं अशाच पिकांतून येतात. पोट कदाचित भरेल, पोषण मात्र घटेल. रानातल्या झाडांना बी धरलं नाही, तर त्यावर जगणारे पक्षीही अडचणीत येतील.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जगभरातल्या पाळीव मधमाश्यांच्या पेट्या १९६१पासून वाढल्याच आहेत. खरी काळजी आहे ती रानमाश्यांची. मधमाशीवर्गात २०,०००हून अधिक जाती आहेत. बहुतेक एकट्या राहतात, मध साठवत नाहीत, अनेकींची घरटी जमिनीत असतात. नांगरट, कीटकनाशकं, फुलांची टंचाई यांचा फटका त्यांना बसतो. त्यांच्यासाठी पेट्या वाढवणं हा उपाय नव्हे. फुलं कमी असतील तिथे पाळीव माश्या त्यांचाच घास हिरावतात.