यू०१०० चा कोड आणि ‘ईसीएम गेलं’चा निवाडा

गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर यू०१०० हा दोषाचा कोड दिसला की अनेक गॅरेजांत लगेच निवाडा होतो: ‘ईसीएम (इंजिनचं कंट्रोल युनिट) गेलं.’ मालकाला हजारोंचा खर्च सांगितला जातो. कोड मात्र एवढंच म्हणतो, की इंजिनच्या कंट्रोल युनिटचे संदेश दुसऱ्या एखाद्या युनिटला मिळेनासे झाले. ते युनिट खरंच गेलं असेल, किंवा त्याचा सप्लाय, अर्थिंग नाहीतर मधली वायर गेली असेल. युनिट बदलण्याआधी या बाकीच्या गोष्टी तपासायलाच हव्यात. कोड असा अर्धवट का बोलतो, याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे.

त्या काळी गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिटं सुटी सुटी होती. इंजिनचं युनिट वेगळं, एबीएसचं (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) वेगळं. एकाची माहिती दुसऱ्याला हवी असेल तर प्रत्येक सिग्नलला स्वतंत्र वायर ओढायची. दोष शोधणंही तसंच सुटं. बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड काढत.

१९८३ मध्ये जर्मनीतल्या बॉश कंपनीत उवे किन्के यांच्या नेतृत्वाखाली गाडीसाठी नवं नेटवर्क तयार करायला सुरुवात झाली. वायरी कमी करण्यासाठी हे केलं असं सर्रास सांगितलं जातं, पण तो जास्तीचा फायदा होता. मूळ हेतू युनिटांनी एकमेकांशी बोलून नवी कामं करावीत हा होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या परिषदेत ते ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, म्हणजे कॅन, या नावाने मांडलं गेलं. १९८७ मध्ये इंटेलची पहिली कॅन चिप आली, पाठोपाठ फिलिप्सची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये कॅन बसवलं गेलं आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं.

या रचनेतली सर्वात धाडसी गोष्ट म्हणजे संदेशावर पत्ता नसतो. ‘एबीएसने इंजिनला’ असं काही लिहिलेलं नसतं, फक्त संदेशाचा क्रमांक असतो. एकाच जोडवायरीवर, म्हणजे दोन वायरींच्या जोडीवर (हिलाच बस म्हणतात), सगळी युनिटं सगळं ऐकतात आणि आपल्या कामाचं तेवढं उचलतात. दोघं एकदम बोलायला लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो, दुसरा थांबतो. ब्रेकसारख्या तातडीच्या कामाला हे उत्तम. पण ठरावीक वेळात अपेक्षित संदेश आला नाही, तर ऐकणाऱ्याला इतकंच कळतं की अमुक जण गप्प आहे. का गप्प आहे ते कळायला मार्ग नाही. यू कोडचा जन्म या गप्प बसण्यातून आहे. म्हणून एकच कोड पाहून निर्णय घेऊ नये. सगळ्या युनिटांचे कोड काढावेत आणि कोण कोणाबद्दल तक्रार करतंय ते कागदावर मांडावं. चार युनिटं एकाच एबीएसबद्दल यू०१२१ नोंदवत असतील तर एबीएसचा सप्लाय, अर्थिंग आणि कप्लर (वायरी जोडणारा प्लग) आधी पाहावेत. सगळेच एकमेकांबद्दल ओरडत असतील तर मुख्य जोडवायरच संशयित.

दुसरा निर्णय चुकणाऱ्याला आवरण्याचा. प्रत्येक युनिट स्वतःच्या चुका मोजतं. संदेश पाठवताना चूक झाली की मोजणी ८ ने वाढते, संदेश नीट गेला की १ ने उतरते. २५६ ला पोचलं की ते युनिट स्वतःहून बसवरून बाजूला होतं, म्हणजे एकामुळे सगळ्यांचं बोलणं बंद पडत नाही. थोड्या वेळाने किंवा चावी बंद-चालू केल्यावर ते पुन्हा सामील होऊ शकतं. म्हणून असा दोष येतो आणि जातो. पावसाळ्यात कप्लरमध्ये पाणी जातं, पिना हिरव्या पडतात, खड्ड्यात गाडी आदळली की इशाऱ्याचे दिवे लागतात आणि गॅरेजच्या दारात सगळं ठीक असतं. अशा वेळी मालकाला खोटं पाडू नये. साठवलेले कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत तपासावं.

स्कॅनरचा १६ पिनांचा सॉकेट मात्र प्रदूषणाच्या कायद्यातून आला. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याचं मानक, सक्तीचं झालं. कोडांचे पी, बी, सी, यू हे चार गट त्याच मानकातले. यू म्हणजे नेटवर्कचा. २००८ च्या मॉडेलपासून तिथे या तपासणीसाठी कॅन बंधनकारक झालं, ६ आणि १४ या पिनांवर. भारतात कारसाठी ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून.

या दोन पिनांमुळे साध्या मल्टिमीटरलाही मोठं काम मिळालं. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर जोडलेला असतो, म्हणून बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. एवढं मोजायला दोन मिनिटं पुरतात. ते न करता युनिट बदलणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

अनेक नव्या गाड्यांत मात्र सॉकेटमागे गेटवे, म्हणजे सॉकेट आणि आतलं नेटवर्क वेगळं ठेवणारं युनिट, असतो. तिथे मोजलेला आकडा आतल्या बसबद्दल काही सांगत नाही. ती बस नेमकी कुठल्या कप्लरमधून जाते हे कळायला त्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम लागतं. ते बाहेरच्या गॅरेजला मिळणं ही खरी अडचण आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा सुट्या भागांसोबत दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना द्यावीत असंही बजावलं होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डायग्राम हाती नसलेला वायरमन तोपर्यंत पूर्ण हार्नेस उघडून वायरी एकेक करून शोधतो आणि त्याची मजुरी मालक भरतो.