कापूस गेला, केळी गेली. मागे उरलं त्याचं काय झालं?

केळीच्या खोडाच्या धाग्याची पिशवी, जुन्या साड्यांची गोधडी, बांबूचा दिवा. जळगाव-धुळ्याच्या प्रदर्शनांत या वस्तू आता ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावून मांडलेल्या दिसतात. पाटी खोटी नाही. पण ती वाचून वाटतं की हे सगळं परवा-तेरवा कुणाला तरी सुचलं, आणि तेच मला खटकतं. खानदेशात हे काम जुनं आहे आणि त्याचं मूळ इथल्या शेतीत आहे.

खानदेश हा माल बाहेर पाठवणारा मुलूख. १८६०च्या दशकात इथे रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जळगावात, अमळनेरला गिरण्या उभ्या राहिल्या. नंतर केळी आली आणि रावेर-सावद्याहून रेल्वेच्या डब्यांतून उत्तरेकडे जाऊ लागली. पैसा देणारं पीक असं गाडीत बसून गेलं. मागे उरल्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या), तुराट्या (तुरीच्या), केळीची खोडं आणि अंगावर विरलेली सुती लुगडी. खानदेशातली हस्तकला या उरलेल्यावर वाढली.

तुराट्या-पऱ्हाट्यांचे कुड झाले; वर शेणामातीचा गिलावा दिला की भिंत तयार. अंबाडीची भाजी खाऊन झाली की उभी झाडं कापायची, पेंढ्या बांधून दगडाखाली पाण्यात बुडवायच्या, साल कुजून सुटली की धुऊन वाळवायची आणि त्या वाखाचा, म्हणजे धाग्याचा, दोर वळायचा. मातंग समाजाच्या हातचे कासरे, दावी, म्होरक्या असे गुराढोरांचे दोर पोळ्याच्या आधी घरोघर पोचायचे आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळायचा. बांबूकाम करणाऱ्या बुरुडांची सुपं, टोपल्या, डालकी यांचंही तसंच. या लोकांना कारागीर म्हणून मान मिळाला नाही, जातीचं काम म्हणून त्याची गणती झाली. आज त्याच वस्तूला ‘हँडमेड’ म्हटलं की किंमत वाढते, तेव्हा हे विसरता कामा नये.

गोधडीचं मात्र बलुतं नव्हतं. ती घरातल्या बाईची. आमच्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. फाटलेला सदरा टाकायला निघालं की ती म्हणायची, “फेकू नको रे भाऊ, कामले ई.” कामाला येईल. उन्हाळ्यात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या की दुपारी ओसरीत लुगडं अंथरलं जायचं. त्यावर धोतराचे तुकडे, सदऱ्यांचे पाठीमागचे भाग, वर पुन्हा लुगडं. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचा. चौघी जणी चार बाजूंना, मध्ये गोधडी आणि गप्पा. तिची शेवटची गोधडी माझ्याकडे आहे. एका बाजूला अस्तर विरलंय आणि त्यातून माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा खिसा दिसतो, शिवलेल्या तोंडासकट. टाके तांदळाच्या दाण्याएवढे आहेत, एकसारखे, आणि तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं.

गोधडी मागे पडली त्याची कारणं साधी आहेत. सुती लुगड्याची जागा नायलॉन-पॉलिस्टरच्या साडीने घेतली. ती विरत नाही, मऊ होत नाही आणि घाम शोषत नाही. दुसरीकडे बाजारात पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली. त्यातली कित्येक जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून बनतात. म्हणजे कल्पना तीच, फक्त हात गेले आणि यंत्र आलं.

या सगळ्या कामाला देशपातळीवर मान मिळाल्याचा एक प्रसंग खानदेशातच घडला, आणि तो आपण पुरेसा सांगत नाही. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच्या दोनच वर्षं आधी गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला होता आणि अधिवेशनही खेड्याच्या साधनांतूनच उभं राहावं असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बोस आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी अधिवेशनाचं टिळकनगर उभारलं ते मुख्यतः बांबूचं. खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन उघडताना गांधीजींनी या दोघांना जाहीर श्रेय दिलं. ज्या बांबूकडे आपण सूप-टोपलीपलीकडे पाहत नव्हतो, त्याची वेस झाली, मंडप झाला.

सातपुड्यात तर रानातलं साहित्य कधी मागे पडलंच नाही, बांबूही नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या राजवाडी होळीला बुध्या (साज चढवलेले आदिवासी नर्तक) नाचतात तेव्हा कमरेला सुकवलेल्या भोपळ्यांची माळ असते, डोक्यावर मोरपिसांचा टोप. हा सगळा साज रानातला आणि परसातला. पण इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारी केलं, १९२७च्या कायद्यात बांबू ‘वृक्ष’ ठरला आणि टोपलीसाठी काठी तोडणारा गुन्हेगार होऊ लागला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचं वन-उत्पादन, मानलं आणि २०१७मध्ये जंगलाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाला. ही सुटका व्हायला नव्वद वर्षं लागली.

आता केळी. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला. केळीचं एक झाड एकदाच घड देतं. घड उतरवला की खोड कापावंच लागतं, आणि ती खोडं बांधावर कुजत पडतात. पूर्वी सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या पदरांच्या, ओल्या पट्ट्यांनी वेल बांधायचे, फुलांच्या माळा ओवायच्या. आता खोडाचे पदर वेगळे करून यंत्राच्या रुळांत घालतात, गर खरवडला जातो, हाती लांब चमकदार रेषा येतात. त्या धुऊन सावलीत वाळवतात. खोडात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे शंभर किलोमागे जेमतेम किलो-दीड किलो धागा निघतो. ओली खोडं लांब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून यंत्र शेताजवळच लागतं. धाग्याचं तसं नाही. तो हलका, कितीही दूर जातो. तो गठ्ठ्यांनी बाहेर गेला तर त्याची गत कापसासारखीच होईल. त्याच्या पिशव्या, चटया, टोपल्या रावेर-यावलच्या बायांच्या हातून इथेच विणल्या गेल्या, तर विणण्याची मजुरी गावात राहील.