संस्कृती (शब्द व संकल्पना)

एखाद्या समाजाची भाषा, श्रद्धा, विधी, कला, खाणेपिणे, नातेसंबंध आणि जगण्याची एकूण रीत यांना मिळून संस्कृती म्हणतात. ‘खाद्यसंस्कृती’, ‘वाचनसंस्कृती’ अशी रूपे मराठीत इतकी रुळली आहेत की त्यांचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. शब्दाचा उगम आणि त्याचा विविधतेशी असलेला संबंध हे दोन मुद्दे मात्र वादाचे आहेत.

व्युत्पत्ती : सम् + कृ या घटकांपासून हा शब्द बनतो, मधला ‘स्’ हा सुट् आगम, म्हणजे व्याकरणाच्या नियमाने मध्ये येणारा जादा वर्ण होय. तो कोणत्या अर्थी येतो, हे संस्कृत व्याकरणकार पाणिनी लागोपाठच्या दोन सूत्रांत सांगतो. पहिले सूत्र (६.१.१३७) ‘भूषण’ म्हणजे सजवणे, सुशोभित करणे या अर्थासाठी आहे. दुसरे ‘समवाये च’ (६.१.१३८) एकत्र जमण्याच्या अर्थासाठी आहे. ‘तत्र नः संस्कृतम्’ या उदाहरणाचा अर्थ काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरील टीका ‘समुदितम्’ असा देते. म्हणजे ‘तेथे आम्ही जमलो’. कोशकार सहसा पहिल्याच अर्थावर थांबतात. दुसरा अर्थ विस्मरणात जाणे हे नुकसानच आहे, कारण संस्कृतीविषयीच्या पुढील मतभेदांची नाडी त्यात सापडते.

शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील ‘सा प्रथमा संस्कृतिर्विश्ववारा’ (७.१४) हे वचन भारतीय संस्कृती जगात पहिली असल्याचा पुरावा म्हणून उद्धृत केले जाते. ते सोमयागाच्या संदर्भातील आहे व तेथे यज्ञीय सिद्धता अभिप्रेत असावी. त्यावर आजच्या अर्थाचा भार टाकणे सयुक्तिक वाटत नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील ‘आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि’ हे वचन आधुनिक अर्थाच्या अधिक जवळ जाते. शिल्पांनी, म्हणजे कौशल्याच्या कृतींनी, यजमान, म्हणजे यज्ञ करवणारा, स्वतःला घडवतो असे तेथे म्हटले आहे.

आधुनिक अर्थ : इंग्रजीतील ‘कल्चर’ला प्रतिशब्द म्हणून ‘संस्कृती’ केव्हा योजला गेला हे नेमके ठरवणे कठीण आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘सुधारणा’ या शब्दाने बरेचसे काम भागत असे. बंगालीत ‘कृष्टि’ हा शब्द चालत होता. शेतीचा वास असलेला तो शब्द रवींद्रनाथ ठाकुरांना रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांच्या आठवणीनुसार, १९२२च्या सुमारास पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून त्यांना ‘संस्कृति’ हा शब्द कळला आणि पुढे रवींद्रनाथांनी तो पसंत केला. ही आठवण ग्राह्य धरल्यास मराठीत हा अर्थ त्यापूर्वीच रूढ असला पाहिजे.

मानवशास्त्रात एडवर्ड टायलर याची १८७१ची व्याख्या पायाभूत मानतात. १९५२ मध्ये क्रोबर व क्लकहोन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी संस्कृतीच्या दीडशेहून अधिक व्याख्या एकत्र केल्या.

विविधतेचा प्रश्न : भारतात हा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात भारताची सांस्कृतिक एकता अतुलनीय असल्याचे म्हटले. जात म्हणजे मुळात एकसंध असलेल्या समाजाचे अंतर्विवाहाच्या, म्हणजे गटातच लग्न करण्याच्या, सक्तीने पाडलेले तुकडे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनीही जातींचा उलगडा मुख्यतः विभाजनाने, ब्राह्मणी संस्कृतीच्या प्रसाराशी जोडून केला.

घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी गुरूंच्या उलट मत मांडले. त्यांच्या मते जाती एका समाजाच्या फाळण्या नव्हेत. मुळात स्वतंत्र असलेले गट शेजारी येऊन राहिले आणि समाज जुळत गेला. एकाच नावाखाली मोडणाऱ्या महाराष्ट्रातील ब्राह्मण पोटजातींची शरीरमापने व चालीरीती त्यांनी यासाठी तपासल्या. महाराष्ट्रापुरते पाहता क्षेत्रीय सामग्री कर्वे यांच्या बाजूने अधिक दिसते. मात्र शेजारी आलेल्या गटांत उच्चनीचता का शिरली आणि सक्तीने का टिकली, याचे उत्तर त्यांच्यापेक्षा आंबेडकरांकडे अधिक ठामपणे मिळते.

कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा पंढरीच्या वारीवरील लेख येथे महत्त्वाचा आहे. ज्या प्रदेशातील लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना वाटेत सापडली. त्याच लेखात, एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे वेगवेगळे स्वयंपाक करतात आणि वेगळे जेवतात, याची खंतही आहे. अभंग एक, चुली दोन. अवतरणे देणारे बहुधा व्याख्या उचलतात आणि चुली गाळतात. त्यामुळे लेखाचा अर्थ अर्धा होतो.

इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी पुणे परिसरातील म्हसोबा, मातृदेवता व धनगरांच्या जुन्या वाटा यांचा पायी फिरून अभ्यास केला आणि लोकदैवतांत प्राचीन समाजरचनेचे अवशेष दाखवले. महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाच्या दहा खंडांत विधी, व्रते व स्थळे यांची नोंद विपुल आहे. भटक्या-विमुक्तांच्या परंपरांविषयीचे लेखन तुलनेने विरळ आणि बरेचसे आत्मकथनांतून आलेले आहे.

शासकीय परिभाषा : शालेय प्रतिज्ञेच्या मराठी पाठात ‘समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरा’ असे शब्द आहेत. मूळ प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. इंग्रजी पाठात समृद्ध व विविध वारसा एवढेच म्हटले आहे. ‘नटणे’ ही मराठीची भर असून ती पाणिनीच्या ‘भूषण’ या अर्थाकडे झुकते. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत मराठी पाठ ‘संमिश्र संस्कृती’ म्हणतो, तर हिंदी पाठ ‘सामासिक’. समासात पदे ओळखू येतात, मिश्रणात येतीलच असे नाही. म्हणून हिंदी शब्द अधिक नेमका वाटतो. अनुच्छेद २९ने स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेदाच्या शीर्षकात अल्पसंख्याकांचा उल्लेख असला तरी मजकुरात तो शब्द नाही.