राउ नदीत पडलेलं इंजिन

मूकपटांच्या काळातला विनोदवीर बस्टर कीटन याचा ‘द जनरल’ हा चित्रपट बघताना हसण्याच्या भरात एक गोष्ट निसटून जाते. त्यातली आगगाडी खरी आहे, जंगल खरं आहे आणि जळून नदीत कोसळणारा पूलही खराच आहे. फक्त पडद्यावरचा मुलूख कथा जिथे घडते त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा नाही. तो अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाचा, ओरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्ह या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावाचा आहे.

असं का झालं, याचं मूळ अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धात सापडतं. १२ एप्रिल १८६२ रोजी उत्तरेच्या काही सैनिकांनी साध्या वेषात जाऊन जॉर्जियातल्या बिग शँटी स्टेशनवरून ‘जनरल’ नावाचं इंजिन पळवलं. पाठलाग झाला, सगळे पकडले गेले आणि म्होरक्या अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली. कीटनने ही कथा उलटवून पाठलाग करणाऱ्या दक्षिणेच्या इंजिन ड्रायव्हरला नायक केलं. मूळ इंजिन तेव्हा शाबूत होतं आणि त्याला तेच हवं होतं. पण चित्रपट विनोदी आहे हे कळल्यावर मालक रेल्वे कंपनीने नकार दिला. आठ फाशींच्या आठवणीवर हसू नये असं कुणाला वाटलं असेल, तर ते मी समजू शकतो.

कॉटेज ग्रोव्हला कीटनला हवं ते सगळं मिळालं. ओंडके वाहून नेणारी रेल्वे, जुनी इंजिनं आणि काही ठिकाणी शेजारी शेजारी धावणारे रूळ. एका रुळावर इंजिन, दुसऱ्यावर कॅमेरा. पाठलागाची ती लांबलचक दृश्यं इतकी सलग दिसतात ती यामुळेच. हिरमुसलेला नायक चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन सुरू होताच त्याच्या नकळत वर-खाली जाऊ लागतो, ते दृश्य आठवा. वाफ जरा जास्त सुटून चाक गरकन फिरलं असतं, तर कीटनचा जीव गेला असता.

१९२६च्या उन्हाळ्यात सगळं गाव चित्रपटात गुंतलं होतं. ओरेगनच्या नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, सुमारे ५०० जवान दोन्ही बाजूंचे सैनिक झाले. एकदा निळ्या गणवेशात, एकदा करड्या. २३ जुलैला पुलाचं दृश्य होतं. गावाने सुट्टी जाहीर केली आणि हजारो माणसं राउ नदीच्या काठावर जमली. (इंग्रजीत Row लिहिल्या जाणाऱ्या या नावाचा उच्चार ‘रो’ नाही, ‘राउ’ म्हणजे भांडण. चराईवरून झालेल्या जुन्या तंट्यावरून ते पडलं.) जळत्या लाकडी पुलावर इंजिन आलं, मधोमध पूल खचला आणि इंजिन वाफेचे लोट सोडत पाण्यात गेलं. दुसऱ्यांदा घेता येण्यासारखं हे दृश्य नव्हतंच. खर्च ४२,००० डॉलर झाल्याचं सांगतात. मूकपटांच्या काळातलं सर्वांत महागडं दृश्य म्हणून त्याचा उल्लेख होतो.

इंजिनांच्या ठिणग्यांनी रानात आगीही लागल्या. पुढे धुरामुळे चित्रीकरण थांबवून सगळ्यांना काही आठवडे परतावं लागलं. इतकं करून चित्रपट चालला नाही आणि मनासारखे चित्रपट काढण्याचं कीटनचं स्वातंत्र्यही लवकरच गेलं. १९८९ साली जतन करण्याजोगे चित्रपट निवडणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीच्या पहिल्याच यादीत ‘द जनरल’ आला, तेव्हा कीटनला जाऊन २३ वर्षं झाली होती.

पडलेलं इंजिन मात्र कितीतरी वर्षं तसंच नदीत होतं. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई आली, तेव्हा ते भंगारासाठी बाहेर काढलं. १९४९मध्ये डोरिना धरण पूर्ण झालं आणि दरीचा काही भाग पाण्याखाली गेला. रुळांनाही वाट बदलावी लागली. लाकडाचा धंदा ओसरला तसे ते रूळही उखडले गेले. आता त्या मार्गावर सुमारे २५ किलोमीटरची डांबरी पायवाट आहे. पुलाची जागा कल्प क्रीक या वस्तीजवळची, तिथे आता नुसती नदी वाहते. गावातल्या भिंतीवर रंगवलेला कीटन मात्र अजून आहे.