रेगेन्सबुर्ग: क्रूझचं जहाज दगडी पुलाच्या अलीकडेच का थांबतं

न्यूरेम्बर्गहून बुडापेस्टकडे निघालेली डॅन्यूब क्रूझ जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला बहुधा अर्धा दिवस थांबते. शहराची खूण म्हणजे तिथला दगडी पूल. जहाज मात्र त्या पुलाखालून येत नाही. ते उत्तरेकडच्या कालव्यातून, लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज उतरवणाऱ्या दारांच्या कोठीतून) खाली उतरतं, बेटाला वळसा घालतं, पुन्हा थोडं प्रवाहाविरुद्ध येतं आणि पुलाच्या अलीकडे, जुन्या शहराच्या काठाला लागतं. तिथून पुलापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. या वळशाचं कारण बाराव्या शतकात आहे.

११३५ ते ११४६ या काळात सोळा कमानींचा हा पूल बांधला गेला. खांबांचा पाया धुपू नये म्हणून प्रत्येक खांबाभोवती लांबट बेटासारखा भराव घातला. पाया टिकला, पण पाण्याची वाट अरुंद झाली. कमानींखाली प्रवाह उसळतो आणि पुढे भोवरे उठतात. पूर्वी नावा इथून वर न्यायच्या तर दोरांनी ओढाव्या लागत. आजचं मोठं नदीजहाज १३५ मीटरपर्यंत लांब आणि साडेअकरा मीटरच्या आसपास रुंद असतं. ते या कमानींत मावणारच नाही.

ज्या पुलाने जहाजं अडवली त्यानेच शहर श्रीमंत केलं. इथे बारमाही पक्की वाट मिळत असल्याने उत्तर-दक्षिण व्यापार याच पुलावरून वळला. ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा तिसऱ्या क्रुसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी, इथूनच निघाला. व्हेनिसशी व्यवहार करणाऱ्या इथल्या सावकारांनी इटालियन सरदारांची नक्कल करत घरांवर उंच मनोरे चढवले. त्यांत राहायला कोणी नसे, तो निव्वळ ऐपतीचा देखावा होता. वालेनस्ट्रासेवरचा ‘सोनेरी मनोरा’ त्यांतला सर्वांत देखणा.

पुढे व्यापार न्यूरेम्बर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला आणि शहराकडे जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा उरला नाही. जुनं शहर टिकलं ते आधी या गरिबीमुळे. जतनाची जाण फार नंतरची. १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची कायमस्वरूपी संसद इथल्या जुन्या नगरभवनात भरत होती, तरी गल्ल्यांची मध्ययुगीन आखणी बदलली नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले ते मुख्यतः मेसरश्मिट विमान कारखान्यावर आणि रेल्वेवर. पुलाचा काही भाग एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला. २००६ मध्ये जुनं शहर आणि पुलापलीकडचं श्टाटआमहोफ यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

क्रूझचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा. ऱ्हाइन आणि डॅन्यूब जोडायचा पहिला प्रयत्न फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७९३ मध्ये केला. १८४६ मध्ये लुडविग कालवा झाला, पण त्याची लॉक अरुंद होती आणि रेल्वेपुढे तो मागे पडला. ऱ्हाइनला मिळणाऱ्या माइन नदीला डॅन्यूबशी जोडणारा आजचा १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा सप्टेंबर १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्यात १६ लॉक आहेत आणि सर्वोच्च टप्पा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे. त्याआधी डॅन्यूबच्या सफरी साधारण पासाउपासून सुरू होत. आता ॲमस्टरडॅमहून थेट येता येतं. लॉकची रुंदी जेमतेम १२ मीटर, म्हणजे जहाजाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा. पुलांखाली उंची सहा मीटरच्या आसपास असल्याने कालव्यात वरचा डेक बंद करतात, कठडे पाडतात, सुकाणूची केबिनही खाली घेतात. तिथे डेकवरून फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडावा.

गोची होते ती रेगेन्सबुर्गच्या पुढे. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा धरण-लॉकशिवाय मोकळा वाहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरलं की जहाजाचा तळ टेकण्याची भीती असते. मग कंपन्या प्रवाशांना बसने पलीकडे नेतात आणि सामानासकट तशाच दुसऱ्या जहाजावर चढवतात. पूर आला तर उलट अडचण: पाणी वाढल्याने पुलांखालची उंची कमी पडते आणि वाहतूकच थांबवतात. जून २०१३ आणि जून २०२४ मध्ये असे पूर आले. नियोजनात एक-दोन दिवसांची ढिलाई ठेवणं शहाणपणाचं. बुडापेस्टहून परतीचं विमान त्याच दिवशी पकडायचा धोका पत्करू नये.

हंगामात धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना लागून उभी असतात. तेव्हा शेजारच्या जहाजाच्या लॉबीतून उतरावं लागतं आणि महागड्या बाल्कनीसमोर परक्याची बाल्कनी येते.

अर्ध्या दिवसात काय बघावं? पुलाच्या तोंडाशी मिठाचं जुनं कोठार आहे. त्यात वारसा माहिती केंद्र असून प्रवेश मोफत. शेजारच्या जुन्या सॉसेज खानावळीच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या बघितल्या की नदीचा अंदाज येतो. मग बिशपच्या वाड्याच्या भिंतीत शिल्लक असलेलं रोमन दार, पोर्टा प्रेटोरिया. १७९ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात इथे कास्त्रा रेजिना ही छावणी वसली, तिचं हे उत्तरद्वार. कॅथेड्रल मध्ययुगीन गॉथिक शैलीतलं असलं तरी त्याचे १०५ मीटरचे मनोरे १८५९ ते १८६९ मध्ये चढवलेले आहेत. नगरभवनातलं संसद-सभागृह फक्त मार्गदर्शकासोबत दाखवतात आणि जागा मोजक्या असतात, म्हणून जहाजातून उतरल्याबरोबर आधी तिथलं तिकीट घ्यावं आणि मग पुलाकडे वळावं. गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत. चाकांची बॅग आणि टाचांचे बूट दोन्ही जहाजावरच बरे.